केंद्रकाच्या कडेचा ठिपका

हिंगोलीच्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवलं, तिथे बरीच वर्षं पेशीचं केंद्रक पिवळं होतं. कारण असं की कुठल्या तरी जुन्या बॅचमधल्या एकाने डबा खाता खाता प्रॅक्टिकलची वही लिहिली होती आणि केंद्रकाच्या आकृतीवर वरणाचा थेंब सांडला होता. या वहीला आम्ही जर्नल म्हणायचो. पुढच्या वर्षी ज्याने ती जर्नल उतरवून काढली त्याने डागही उतरवला, पिवळ्या पेन्सिलीने. त्याच्या पुढच्याने डागाला बाण काढून एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं. मी नव्वदीच्या दशकात नोकरीला लागलो तेव्हा सगळा वर्ग तो डाग काढत होता, खाली ओघळलेल्या शेपटीसकट. दर मार्चमध्ये परीक्षक बाहेरगावाहून येत, दुपारचं जेवण झोडत आणि डागावर बरोबरची खूण करून परत जात.

पहिल्याच वर्षी मी विभागप्रमुखांना ही गंमत दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन पान निरखलं.

"आकृती स्वच्छ आहे की," ते म्हणाले. "मुलं पास होतात ना? मग झालं."

त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून किती वर्षं झाली होती कोण जाणे. कपाटातले सूक्ष्मदर्शक इतके कोरे करकरीत होते की त्यांना कुणी हात लावत नाही हे बघताक्षणी कळत होतं.

मला या सगळ्यांचा तिटकारा होता आणि तो मी लपवत नसे. मी स्वतः कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्यातला. औरंगाबादला एम.एस्सी. करून आपल्याच भागात परत आलेला. परत येऊन शहाणपणा शिकवणारा माणूस लोकांना आवडत नाही, आणि मलाही लोक फारसे आवडत नसत, त्यामुळे कुणाचीच तक्रार नव्हती. वर्गात पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगायचो: दिसेल तेच काढायचं. दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं लिहायचं. उतरवलेली आकृती सापडली की ते पान मी सगळ्यांसमोर फाडत असे. पोरं मला मागे काय म्हणत ते मला माहीत होतं. इथे लिहिण्यासारखं नाही.

गाइडमध्ये एक वाक्य होतं, 'केंद्रक हा पेशीचा मेंदू आहे.' ते सगळ्यांना पाठ. मी विचारायचो, म्हणजे काय? मेंदू काय करतो तिथे बसून? मेंदू हा शब्द वापरणाऱ्या एकाही डोक्यात तो हललेला मला दिसत नसे. फळ्यावर मी एक मोठं वर्तुळ काढायचो आणि सांगायचो की या एवढ्याशा जागेत दोन मीटर लांबीचा धागा भरलेला आहे. तुमच्या गालाच्या पेशीत जो धागा, तोच यकृताच्या पेशीत. एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. तरी गालाची पेशी गालासारखी वागते आणि यकृताची यकृतासारखी. का? कारण कुठली जनुकं वाचायची आणि कुठली बंद ठेवायची हे प्रत्येक पेशीत वेगळं ठरतं. आणि ते नुसतं ठरत नाही, त्याप्रमाणे सगळी मांडामांड होते. धागा कसाही कोंबलेला नसतो. प्रत्येक गुणसूत्राची आपापली जागा असते. जी जनुकं चालू असतात ती बहुतेक आतल्या मोकळ्या भागात, सैल. बंद केलेला भाग गच्च गुंडाळून बराचसा कडेला, केंद्रकाच्या आवरणाला चिकटवून ठेवलेला.

"तुमच्या घरी रोजची भांडी कुठे असतात?" मी विचारायचो. "चुलीजवळ. आणि लग्नकार्याची पातेली? भिंतीकडेला, पालथी घालून. घरात आहेत, पण स्वयंपाकात नाहीत. एवढंच आहे ते."

एवढं ऐकल्यावर एखादा हात वर करून विचारायचा, "सर, परीक्षेत येतं का?" नसे येत. पेन खाली ठेवल्याचे आवाज होत. हे मी दर वर्षी ऐकलं.

या सगळ्या मांडणीतली एकच गोष्ट आमच्या दरिद्री प्रयोगशाळेत डोळ्यांनी दाखवता येण्यासारखी होती. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाच्या पेशीत एक. काम एकाचंच पुरे असतं, म्हणून बाईच्या प्रत्येक पेशीत दोघांपैकी एक एक्स बंद केला जातो, जवळजवळ पूर्ण. तो गच्च आवळून केंद्रकाच्या भिंतीला लावून दिला जातो. रंग दिला की तिथे एक गडद ठिपका दिसतो. पुस्तकात त्याला शोधणाऱ्याचं नाव आहे, आम्ही नुसतं ठिपका म्हणायचो. आइस्क्रीमच्या स्वच्छ काडीने गालाच्या आतून हलकं खरवडायचं, काचेवर पसरायचं, स्पिरिटमध्ये बुडवायचं, रंग द्यायचा. सगळ्या केंद्रकांत तो दिसत नाही. शंभर बघितली तर वीस-पंचवीसांत दिसतो, कधी जास्त. पण दिसतो. जनुकं बंद करणं ही पुस्तकातली बढाई नाही, पेशीच्या आत खरोखर एक वस्तू उचलून कडेला ठेवली जाते, हे त्या ठिपक्यात बघायला मिळतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला मनापासून आवडलेलं एवढं एकच प्रॅक्टिकल.

जिल्हा नवा झाला त्यानंतरच्या एका वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी शेवटच्या वर्गात वारंगा फाट्याच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यावरची मुलगी होती. फाट्यापर्यंत पायी आणि तिथून एसटीने, अशी रोज यायची. उंची इतकी कमी की सूक्ष्मदर्शकाशी तिला स्टुलावर दोन जाडी पुस्तकं घेऊन बसावं लागे. पहिल्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, "प्राथमिक शाळा पलीकडच्या गल्लीत आहे." वर्ग खिदळला. मला माझ्या विनोदाचं कौतुक वाटलं. तिने पुस्तकं आणली आणि चढून बसली.

पण माझ्या सगळ्या वर्गांत जी बघून काढायची ती हीच. कांद्याच्या मुळाच्या पेशी तिने काढल्या तेव्हा त्यात हवेचा एक बुडबुडासुद्धा काढला आणि शेजारी लिहिलं, 'हवेचा बुडबुडा, पेशीचा भाग नाही.' ते पान मी विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन आपटलं होतं.

डिसेंबरात ठिपक्याचं प्रॅक्टिकल लागलं. वीज गेलेली होती, पण आमचे सूक्ष्मदर्शक आरशाचे, खिडकीतल्या उन्हावर चालायचे. काचेवर तेलाचा थेंब घालून वापरायची मोठी भिंगं दोनच धड होती. मुलींनी काचा तयार केल्या आणि एकेकजण बघून आकृती काढू लागली. शेजारच्या मुलीच्या काचेवर ठिपके इतके सुंदर आले होते की मी तिघीचौघींना बोलावून दाखवले. तांड्यावरची मुलगी मात्र अर्धा तास एकाच भिंगाला चिकटून होती आणि तिचं पान कोरं.

"काय झालं?"

"सर, दिसून न्हाई राहिला."

"शंभर केंद्रकं मोजलीस?"

"दीडशे मोजले."

मी चिडलो. तिच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. रंग नीट दिला नसशील म्हणालो, दुसरी काच करायला लावली. तीही तशीच. मग सगळा वर्ग थांबवून मी तिला समोर उभी केली, स्वतः काडी दिली, कसं खरवडायचं ते दाखवलं. "तीन वर्षं शिकून गाल खाजवता येत नाही," असंही बोललो. पोरं हसली. तिसरी काच मी माझ्या हाताने रंगवली, शेजारच्या मुलीच्या काचेला वापरलेल्याच बाटलीतून, तेवढाच वेळ. आणि भिंगाला डोळा लावला.

पेशी उत्तम आल्या होत्या. केंद्रकं स्वच्छ, कडा रेखीव. मी पन्नास बघितली, मग शंभर. एकाही कडेला काही नव्हतं. शेजारची काच परत लावून बघितली, तिथे ठिपके होते. परत हिची लावली.

मग मी डोळा न काढता नुसताच बसून राहिलो. कडेला ढकलायला दुसरा एक्सच नसेल तर ठिपका येणार कुठून? तिची उंची. तिची आखूड मान. त्या स्थितीवर पुस्तकात एक पान होतं, तेही एका डॉक्टरच्या नावाने, आणि त्यात जे लिहिलं होतं ते मला पाठ होतं: पाळी येत नाही, बहुधा मूल होत नाही, हृदय तपासून घ्यावं लागतं, बुद्धीला काही धक्का नसतो, वेळेवर औषधं दिली तर पुष्कळ काही सावरतं. गालाच्या पेशींवरून खात्री होत नाही हेही मला माहीत होतं. त्यासाठी मोठ्या ठिकाणी नेऊन गुणसूत्रं तपासावी लागतात. पण माझ्या मनात शंका राहिली नाही.

मागे सगळा वर्ग उभा होता. मी सोडून हे कुणाला कळणार नव्हतं, पण 'नाही' म्हणालो असतो तर गावभर झालं असतं. तांड्यावरच्या पोरीत बाईपणाची खूण नाही, या एवढ्याच शब्दांत ते एसटी स्टँडपर्यंत गेलं असतं. या लोकांना मी ओळखून होतो.

"आहे," मी म्हणालो. "नीट बघत नाहीस."

ती पुस्तकांवर चढली आणि परत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"न्हाई दिसत सर."

मी तिची जर्नल ओढली, तिच्याच पेन्सिलीने एक केंद्रक काढलं आणि त्याच्या कडेला गडद ठिपका गिरवला. खाली सही केली. तिने त्या ठिपक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमीच म्हणता का दिसंल तेच काढा."

"मी बघितलं ना? मग झालं."

विभागप्रमुखांचेच शब्द माझ्या तोंडून निघाले हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

तिला सांगायचं, एवढं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. फक्त कसं सांगायचं ते ठरत नव्हतं. पुरुष मास्तराने पोरीला एकटीला बोलावून पाळीचं विचारायचं, हिंगोलीत? बायकोला मधे घालावं म्हटलं, तर ती म्हणाली, मी तिला ओळखत नाही पाळखत नाही, काय बोलू? मग वाटलं, परीक्षा होऊ दे, तिचं लक्ष उडायला नको. हे कारण मला फार आवडलं. मी ते जपून वापरलं.

जानेवारीत तिने दोन दिवसांची रजा मागितली. अर्जात लिहिलं होतं, 'घरगुती कार्यक्रम.' शेजारची मुलगी हसून म्हणाली, "सर, साखरपुडा हाय तिचा. परीक्षा झाली का लगीन." मी अर्जावर सही केली. हात थांबला नाही, हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

त्या रात्रीपासून मात्र मला स्वतःशी रोज भांडावं लागलं. लग्न होणार, वर्ष-दोन वर्षं जाणार, मग लोक विचारायला लागणार, आणि मग काय होणार हे सांगायला प्राणिशास्त्राची गरज नव्हती. सांगायला हवं होतं, लग्नाच्या आत. पण मी म्हणायचो, सांगून होणार काय? बाप अंगठेबहाद्दर. त्याला एक्स म्हणजे काय आणि गुणसूत्र म्हणजे काय? देवऋष्याकडे नेतील, पोरीलाच दोष देतील, शिक्षण बंद करून घरात कोंडतील. या लोकांना काय कळणार आहे! असं म्हटलं की जरा स्वस्थ वाटायचं. खेड्यातून आलेल्या माणसाला खेड्यातल्या माणसांची घाण काढायला किती सोपं असतं, हे मला फार चांगलं ठाऊक आहे.

फेब्रुवारीत गुणसूत्रांच्या विकृतींचा धडा आला. पुस्तकात त्या पानावर एका परदेशी बाईचा उघडा फोटो होता, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला. बुटकी, आखूड मानेची बाई. पट्टीमुळे ती कुणीही असू शकत होती. मी वर्गात शिरलो, ते पान उलटलं आणि पुढच्यापासून सुरुवात केली. "हे राहू द्या, येत नाही परीक्षेत," असं मी म्हणालो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. वर्गाने खुशीत पानावर काट मारली. तिसऱ्या बाकावरून ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, लिहून घ्यायची थांबली असेल.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. परीक्षक म्हणून या वेळी एक लठ्ठसे गृहस्थ आले होते. आल्या आल्या त्यांनी विचारलं की इथली हळद चांगली असते म्हणतात, घरी न्यायला कुठून मिळेल. मोंढ्यातून आणायला माणूस पाठवला, मग त्यांचा चेहरा उजळला. तोंडी परीक्षेला ते टेबलाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मुलांना ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर ऐकण्याआधी गुण लिहून टाकायचे.

तिचा नंबर आला. त्यांनी जर्नल चाळली, बुडबुड्याच्या पानावर हसले, आणि ठिपक्याच्या पानावर थांबले.

"वा. हे स्वतः बघून काढलंस?"

"न्हाई सर."

त्यांनी मान वर केली.

"माझ्या पेशीत तो न्हाई. तीन काचा केल्या, एकीतबी न्हाई. हे सरांनी काढलं." ती सावकाश, शब्द जुळवून बोलत होती. "एक्स एकच असंल तर बंद कराला दुसरा ऱ्हात न्हाई. मंग कडेला काही जमत न्हाई. ठिपका दिसत न्हाई."

दारात पुढचे चौघे उभे होते. मी परीक्षकांकडे बघितलं. तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला एवढं सरळ वाक्य कळायला हवं होतं. ते मोठ्याने हसले.

"रंग खराब असेल गं. ग्रामीण भागात असं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही काढून दिलंत ते बरं केलंत. आकृती पूर्ण हवीच." त्यांनी ठिपक्यावर बरोबरची खूण केली आणि पूर्ण गुण दिले. त्या माणसाबद्दल मला जे वाटलं ते लिहायला मराठीत शब्द आहेत, पण त्यातला एकही असा नव्हता जो त्या वेळी टेबलाच्या माझ्या बाजूलाही लागू पडला नसता.

ती बाहेर गेली. मी परीक्षकांना सांगून मागे गेलो. कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या टाकीशी ती उभी होती.

"तुमाला त्याच दिवशी कळलं व्हतं ना, सर?"

मी म्हणालो, "खात्री नव्हती."

"तुमी कधी एक ओळ सोडत न्हाई. ते पान सोडलं. म्हणून आठ दिवसांमागं लायब्ररीत जाऊन तेच काढून वाचलं मी." तिचा आवाज चढला नव्हता. "मला पंधराव्या वर्सापासून ठावं हाय का माझ्यात काहीतरी न्हाई. याडीनं कुठं कुठं नेलं. धागे बांधले, अंगारे लावले, उपास धरले. काय न्हाई, ते कोणीच सांगून न्हाई राहिलं. तुमच्यापाशी त्याचं नाव व्हतं."

याडी म्हणजे आई. मी काहीतरी बोलायला गेलो, परीक्षा, तुझं लक्ष, वगैरे. तेवढ्यात गेटकडून एक माणूस येताना दिसला. डोक्याला पटका, खांद्यावर पिशवी, पायातल्या वहाणा पायऱ्यांशी काढून अनवाणी चढून वर आला. तिचा बाप होता. त्याने दोन्ही हात जोडले, पिशवीतून हळदीने कोपरे माखलेली लग्नपत्रिका काढली आणि माझ्या हातात दिली.

"यावंच लागतंय सर. तुमच्यामुळं पोरगी शिकली. तांड्यात पयली हाय."

ती माझ्याकडे बघत होती. आता सांगायचं होतं, आणि सांगायला माझ्याइतका लायक माणूस त्या जिल्ह्यात नव्हता. हे मी तेव्हाही अभिमानानेच म्हणालो असतो.

"येतो की," मी म्हणालो. "नक्की येतो. हुशार आहे तुमची मुलगी."

मग तिने बापाशी त्यांच्या बोलीत बोलायला सुरुवात केली. मला गोरमाटी कळत नाही. मधे मधे एखादा शब्द ओळखीचा येत होता, 'दवाखाना', 'लेकरू', एकदा 'सर'. बाप ऐकत होता. एकदा त्याने पटका काढला, परत घातला. दोनतीन प्रश्न विचारले. तिने टाकीवर साचलेल्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर एक गोल काढला, आत बोट फिरवलं, कडेला बोट टेकवून मान हलवली. त्याने खाली वाकून तो ओला गोल बघितला. मी तेवीस मुलांच्या वर्गाला फळ्यावर काढून सांगितलं होतं तेव्हा इतकं निरखून कुणी बघितलं नव्हतं.

मी ओरड्याची वाट बघत होतो. कपाळ बडवून घेईल, पोरीवर हात टाकील, माझ्यावर धावून येईल, असं सगळं मी तीन महिने मनात रंगवून ठेवलं होतं. तो खाली उकिडवा बसला, मग उठून माझ्याकडे वळला.

"पोरगी म्हणते ते बराबर हाय का सर?"

"बरोबर आहे. पण मोठी तपासणी करावी लागेल."

"कवा कळलं तुमाला?"

"डिसेंबरात."

तो बोटांवर काहीतरी मोजत होता. साखरपुडा, बहुतेक.

"आमाला काहून न्हाई सांगितलं?"

त्याने उत्तराची वाट बघितली नाही. त्याने पुढे होऊन माझ्या हातातली पत्रिका हळूच काढून घेतली आणि पिशवीत टाकली.

"आज सांजच्याला त्या लोकायकडं जाऊन सांगतो. ते काय म्हणतात ते म्हणू दे. फसवून लेक न्हाई द्यायची." मग पिशवीतूनच त्याने एक कोरा कागद काढला, पत्रिका गुंडाळून आणलेला असावा, तो हाताने सपाट केला आणि माझ्यापुढे धरला. "कोणच्या दवाखान्यात न्यायचं, कोणच्या डॉक्टरला दाखवायचं, तेवढं लिहून द्या सर. नांदेड म्हणा, औरंगाबाद म्हणा, उद्याच निघतो."

मी खिशातला पेन काढला, टोपण उघडलं. कागद भिंतीला लावला. वर 'प्रति' असं लिहिलं.

पुढे लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. तीन महिन्यांत मी कुणालाही, एकदाही विचारलं नव्हतं.